गंगेचं वाळवंट

अंबड, घनसावंगी किंवा परतूर तालुक्यातल्या नदीकाठच्या एखाद्या गावात जा आणि तिथल्या आजीला विचारा, "आजी, गोदावरीला कुठून जायचं?" आजी क्षणभर तुमच्या तोंडाकडं बघेल आणि मग म्हणेल, "गंगंला जायाचं का? मग ह्या वाटानं सरळ जा की!"

बालमित्रांनो, आजीचा भूगोल कच्चा आहे असं मुळीच समजू नका. इथं गोदावरीला गोदावरी म्हणतात ते पुस्तकात आणि सरकारी पाटीवर. बोलण्यात ती गंगाच. तिच्या काठचा मुलूख म्हणजे गंगाथडी. थडी म्हणजे काठ. जालना जिल्ह्याच्या दक्षिण कडेनं ही गंगा वाहते. अलीकडं जालना, पलीकडं बीड. शहागडच्या पुलावरून एस.टी. जाते तेव्हा खिडकीतल्या बायाबापड्यांचे हात आपोआप जोडले जातात आणि कुणीतरी पुलावरून एक नाणं खाली सोडतं.

आता तुम्ही पुलावरून खाली पाहिलंत तर पावसाळ्यात पाणी दिसेल. पण वर्षाचे कितीतरी महिने पाण्याइतकीच, किंबहुना जास्तच, दुसरी एक गोष्ट दिसत आली आहे. ती म्हणजे वाळू. आज आपण गंगेची ओळख तिच्या वाळूपासून करून घेणार आहोत.

पण त्याआधी गंगा इथं आली कशी, ते पाहू. पुराणातली गोष्ट अशी. फार मोठा दुष्काळ पडला होता. (जालन्याच्या मुलांना हे समजावून सांगायला नको!) पण ब्रह्मगिरीजवळ गौतम ऋषींच्या आश्रमात मात्र पाणी होतं, धान्य पिकत होतं. इतर ऋषींना त्याचा हेवा वाटला. त्यांच्या कपटामुळं एक मायावी गाय गौतमांच्या शेतात शिरली. गौतमांनी तिला दर्भाच्या काडीनं हाकललं, आणि नुसता स्पर्श होताच ती गाय गतप्राण झाली. गोहत्येचं पातक धुऊन काढायचं तर गंगाच हवी. गौतमांनी घोर तप केलं. शंकर प्रसन्न झाले, त्यांनी जटा आपटल्या आणि ब्रह्मगिरीवर गंगा प्रकटली. पण ती काही थांबेना. दिसायची आणि लुप्त व्हायची. शेवटी गौतमांनी कुशाच्या गवतानं तिला वेढा घातला, ते त्र्यंबकेश्वरचं कुशावर्त तीर्थ. गौतमांनी आणली म्हणून ती गौतमी, गाईसाठी आली म्हणून गोदा, दक्षिणेत वाहते म्हणून दक्षिणगंगा.

तिचं आणखी एक नाव आहे, वृद्धगंगा. म्हणजे म्हातारी गंगा. गंमत अशी, की भूगर्भशास्त्रही याच्या जवळपासच येऊन पोहोचतं. दक्षिणेच्या पठारावरच्या नद्या हिमालयातल्या नद्यांपेक्षा जुन्या मानल्या जातात. गोदावरी ज्या काळ्या दगडावरून वाहते तो सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेल्या लाव्हारसाचा बनलेला आहे. या पठाराचा उतार पूर्वेकडं. म्हणून अरबी समुद्र अवघ्या ऐंशी किलोमीटरवर असूनही गोदावरी त्याच्याकडं पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटरचा लांबचा प्रवास करून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. भारताच्या जवळजवळ एक दशांश भूभागाचं आणि महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्या भूभागाचं पाणी तिच्यात जातं.

जालना गावात पडलेला थेंबसुद्धा! जालना गाव काही गोदाकाठी नाही. पण तिथं सीना नदी कुंडलिकेला मिळते, कुंडलिका दुधनेला, दुधना जाते पूर्णेला आणि पूर्णा परभणी जिल्ह्यात कंठेश्वरजवळ गंगेला. भोकरदनची केळणाही पूर्णेतूनच येते. तेव्हा तुमच्या घरामागचा नाला कितीही लहान असो, त्याचं शेवटचं गाव तेच.

वाळू येते कुठून?

'वाळवंट' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर उंट आणि राजस्थान उभं राहतं ना? पण मराठीत हा शब्द नदीशी जोडलेला आहे. नदीच्या पात्रातला वाळूचा पट्टा म्हणजे वाळवंट. पंढरपूरला वारकरी कीर्तनाला उभे राहतात ते चंद्रभागेच्या वाळवंटात.

डोंगरातला काळा दगड ऊन, पाऊस, थंडी खाऊन फुटतो. ओढे त्याचे तुकडे नदीत आणतात. पुराच्या पाण्यात ते एकमेकांवर आपटतात, घासतात, गोल होतात आणि झिजत झिजत वाळू होते. एका पावसाळ्याचं हे काम नाही, पिढ्या न् पिढ्या चालतं. जो भाग टणक तो लवकर झिजत नाही. म्हणून गंगेच्या वाळूत तुम्हांला गारगोट्या सापडतात. पांढऱ्या, तपकिरी, कधी आतून रेघारेघांच्या. हेच अकीक. दोन हजार वर्षांपूर्वी भोकरदन हे भोगवर्धन नावाचं भरभराटीचं नगर होतं. १९७३ साली तिथं उत्खनन झालं तेव्हा अशा दगडांचे मणी सापडले. आपल्याकडच्या खड्यांना केवढी प्रतिष्ठा होती बघा!

काठाच्या मातीच्या उंच दरडीही नीट पाहण्यासारख्या असतात. गंगेनंच हजारो वर्षं आणून रचलेला गाळ आहे तो. वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरला, अशाच थरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका प्रचंड हत्तीचे जीवाश्म मिळाले. ती हत्तीची जात आज पृथ्वीवर नाही.

एक पेला वाळू

आता एक प्रयोग करा. घरात नाही तर शेजारी बांधकाम चालू असेल तिथून, विचारून बरं का, थोडी वाळू आणा. उन्हात वाळवा. एक पेला काठोकाठ वाळूनं भरा. तो भरलेला आहे, होय ना? आता दुसऱ्या, तेवढ्याच पेल्यातलं पाणी हळूहळू त्यात ओता. किती मावलं? जवळजवळ एक तृतीयांश पेला पाणी त्या 'भरलेल्या' पेल्यात गडप होईल! वाळूचे कण गोल, त्यांच्यामध्ये फटी, आणि फटींत पाणी.

मग विचार करा, मैलोन् मैल पसरलेल्या, पुरुषभर खोल वाळूत केवढं पाणी मावत असेल. आणि हे पाणी सहज उडून जात नाही. जालन्याचं एप्रिल-मेचं ऊन तुम्हांला ठाऊक आहे. उघड्या तळ्यातलं पाणी ते बघता बघता पिऊन टाकतं. वाळूत मात्र वरचा वीतभर थर सुकतो आणि तोच झाकणासारखा बसतो. खाली ओल टिकून राहते. म्हणून गंगाथडीच्या बायका उन्हाळ्यात कोरड्या पात्रात हातानं झिरा उकरायच्या. जरा वेळ थांबलं की खळग्यात निवळशंख पाणी जमायचं. वाटीनं घागर भरायची. गाळणीचं कामही वाळूनंच केलेलं असायचं.

शहरातल्या पाणीपुरवठ्याच्या केंद्रात आजही वाळूचे थर घालूनच पाणी गाळतात. म्हणजे साहेबलोक जे टाकी बांधून करतात ते गंगा फुकटात करत होती!

या वाळूवर माणसंच जगत होती असं नाही. पाणी ओसरलं की भोई मंडळी पात्रात आळी करून टरबुजं, खरबुजं, काकड्या लावायची. नदी सुरय नावाचा राखाडी अंगाचा, पिवळ्या चोचीचा देखणा पक्षी उन्हाळ्यात उघड्या वाळूच्या बेटावर अंडी घालतो. घरटं म्हणजे नुसता एक खळगा. अंडी वाळूच्याच रंगाची, पायाखाली आली तरी दिसायची नाहीत. चारी बाजूंनी पाणी असलं की कुत्री-कोल्ही तिथवर पोचत नाहीत, एवढाच त्याचा भरवसा. कासवंही काठालाच उकरून अंडी पुरतात. आणि हिवाळ्यात वरच्या नाथसागरावर हिमालयापलीकडून चक्रवाक आणि पट्टकदंब येतात. पट्टकदंबाच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, दुर्बिणीतून सहज ओळखू येतो.

आता तुमच्या घरातली गोष्ट. भाद्रपदात हरतालिकेला आई कशाची पिंड करते? वाळूची! शंकर प्रसन्न व्हावेत म्हणून पार्वतीनं वाळूचं शिवलिंग करून पूजलं, अशी कथा आहे. रात्री जागरण, सकाळी विसर्जन. नदीची वाळू नदीत परत. सोन्याचांदीची पिंड सोडून वाळूचीच का, हे मी एकदा एका जाणत्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जी कुणालाही मिळंल ती." मला हे उत्तर फार आवडलं. हल्ली शहरात ही वाळू पुडीतून विकत मिळते, तो भाग वेगळा.

आणि संत एकनाथांची गोष्ट तर तुम्ही ऐकलीच असेल. पैठण इथून फार लांब नाही, जालन्याच्या सीमेच्या जरा वरच्या अंगाला. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक लहान मूल आईमागं धावता धावता मागं राहिलं. पाय भाजून रडू लागलं. ते होतं त्या काळी ज्यांना शिवायचं नाही असं मानत, त्या घरातलं. स्नान करून निघालेल्या नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतलं, त्याचं नाक-डोळे पुसले आणि घरी पोचवलं. पुष्कळ जणांना राग आला. नाथांनी तो मनावर घेतला नाही. याच नदीत १५९९ साली नाथांनी देह ठेवला. फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, पैठणला दिंड्या जातात त्या याचसाठी.

नाथांनंतर नऊ वर्षांनी, १६०८ साली रामनवमीला, जालना जिल्ह्यातल्या जांब गावी ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. लग्नाच्या बोहल्यावरून पळालेला हा मुलगा नाशिकला पोचला आणि टाकळीला नंदिनी-गोदावरीच्या संगमावर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्यानं बारा वर्षं जप केला. तेच पुढं समर्थ रामदास झाले. घर सुटलं पण नदी तीच राहिली, नुसता वरच्या अंगाला गेला.

अधिक महिना आला की, धोंड्याचा महिना म्हणतो ना आपण तो, पलीकडच्या तीरावर माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला गंगास्नानासाठी रीघ लागते. आणि गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ. दर बारा वर्षांनी, मागचा झाला २०१५ साली. त्याच वर्षी खाली राजमहेंद्रीला तेलुगू लोकांनी याच नदीचं पुष्कर केलं. एकच पाणी आणि दोन भाषांतला उत्सव.

गंगा रागावते तेव्हा

गंगा नेहमी शांतच असते असं नाही. १७६३ सालच्या ऑगस्टमध्ये पलीकडच्या काठावर राक्षसभुवनला माधवराव पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. निजाम स्वतः नदी उतरून अलीकडं आला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर सैन्यासह पलीकडंच होता. मध्ये श्रावणातली दुथडी गंगा. निजामाला मदत पाठवता येईना. मराठ्यांनी नेमकी हीच वेळ साधली. विठ्ठल सुंदर लढाईत पडला.

अगदी अलीकडचं सांगायचं तर २००६ सालच्या ऑगस्टमध्ये जायकवाडी धरणातून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर. हिशेब करून बघा. दहा हजार लिटरचे सातशे टँकर, दर सेकंदाला! २०२५ च्या सप्टेंबरमध्येही गोदाकाठच्या गावांनी असाच मोठा पूर पाहिला. टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्याला हे दोन्ही सोसावं लागतं, २०१२-१३ चा दुष्काळही आणि हा पूरही. त्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या होत्या.

जायकवाडीचं नाव निघालंच आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी या धरणाची पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची भिंत आणि सत्तावीस दरवाजे. पाण्याखाली शंभराहून अधिक गावं गेली, हे विसरायचं नाही. २०८ किलोमीटरचा डावा कालवा अंबड-घनसावंगी-परतूरवरून परभणीकडं जातो. पुढं नदीवरही बंधारे झाले : जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी. २०१३ पासून जालना शहराच्या नळाला जायकवाडीचं पाणी येऊ लागलं. धरण नसतं तर आज या जिल्ह्यात किती गावं टिकली असती, कुणास ठाऊक. तेव्हा धरण वाईट असं म्हणणं मला पटत नाही.

पण नदीची जमा-खर्चाची वही उघडून बघा. डोंगरातून येणारी वाळू आता नाथसागराच्या तळाशी अडकते. भिंत पाणी सोडते, वाळू नाही. खाली जालन्याच्या वाट्याला नवी वाळू येते ती फक्त गल्हाटीसारख्या लहान नद्यांतून आणि ओढ्यांतून. म्हणजे जमेची बाजू आटली. आणि खर्च? तो रात्रंदिवस चालू आहे. ट्रॅक्टर, हायवा, जेसीबी. घर बांधायला, रस्ता करायला वाळू लागते, ती सगळ्यांनाच लागते. तुम्ही ज्या शाळेत बसून हे वाचता तिच्या भिंतीतही ती आहेच. पण किती उपसायची याला मोजमाप हवं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वाळूचा लहानातला लहान ठेका असला तरी पर्यावरणाची परवानगी घेतलीच पाहिजे. परवानगीशिवाय चालणारा उपसा तरीही थांबलेला नाही, वर्तमानपत्रात रोज वाचायला मिळतं.

वाळू गेली की काय होतं? पात्र खोल जातं आणि काठच्या विहिरींचं पाणीच उलट नदीकडं झिरपून खाली उतरतं. गंगेपासून हाकेच्या अंतरावरची विहीर कोरडी, असं विपरीत दृश्य दिसतं. उघड्या पडलेल्या काळ्या दगडात झिरा लागत नाही. सुरयाला बेट राहत नाही.

आणि खड्डे राहतात. हे मात्र नीट लक्ष देऊन वाचा, मोठ्या माणसांनीही वाचा. उपशाचा खड्डा वरून ओळखता येत नाही. पाणी गुडघाभर दिसतं, पुढच्याच पावलाला दोन पुरुष खोल. काठ वाळूचा, त्यामुळं तो पायाखालून ढासळतो आणि धरायला काहीच नसतं. पोहता येणारी मुलंसुद्धा यात बुडाली आहेत. स्नानाला, पोहायला, म्हशी धुवायला गंगेवर जाल तेव्हा गावातल्या माहितगार माणसाशिवाय पाण्यात उतरू नका. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी टाकू नका. दोर, धोतर, ओढणी, लांब काठी, जे हाताशी असेल ते फेका आणि ओरडा.

मग वाळूला दुसरा उपाय आहे की नाही? आहे. काळा दगड यंत्रात भरडून केलेली कृत्रिम वाळू. तिचा वापर वाढावा म्हणून राज्य सरकारनं २०२५ मध्ये धोरणही आणलं. दगड तोच, गंगा ज्याच्यावरून वाहते तो. पुढच्या वेळी घरी बांधकाम निघालं की बाबांना विचारा, वाळू कुठली आणलीत? काळपट, टोकदार कणांची असेल तर भरडलेली. गोलसर, गुळगुळीत कणांत मधूनच एखादी पांढरी गारगोटी चमकली तर ती नदीची. भिंग असेल तर फारच छान, नसलं तरी बोटांना कळतं.